कानांत प्राण आणून: ‘डॉक्टर हू’च्या श्रुतिका पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

“‘डॉक्टर हू’च्या श्रुतिका ऐकायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?” हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्याने बहुधा आधीच यादी उघडून पाहिलेली असते आणि तिथेच त्याचा धीर सुटलेला असतो. साहजिक आहे. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची जुनी टीव्ही मालिका, आणि तिच्या श्रुतिका काढणाऱ्या बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीने १९९९ ते २०२१ या काळात नुसत्या मासिक मालिकेतच २७५ कथा काढल्या. शिवाय एकेका डॉक्टरच्या स्वतंत्र मालिका आहेत, त्याच्या सोबत्यांच्या आहेत, शत्रूंच्याही आहेत.

मीही पहिल्यांदा क्रमांक एकपासून शिस्तीत सुरुवात केली होती. पाच-सहा कथांनंतर दमले आणि वर्षभर त्या वाटेला फिरकले नाही. मग एका डिसेंबरात नागपूरहून पुण्याला येताना रात्रीच्या बसमध्ये झोप येईना, म्हणून यादीतली मधलीच एक कथा लावली. पहाटे अहमदनगरच्या आसपास गाडी चहाला थांबली तेव्हा मी खाली उतरले नाही, कारण शेवटचा भाग चालू होता. त्या रात्रीपासून मी प्रत्येकाला एकच सांगते: क्रम विसरा, आधी एक आवाज निवडा. हा सगळा लेख त्या एका सल्ल्याचा विस्तार आहे.

मालिका पाहिलीच नसेल तर

‘डॉक्टर हू’ बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला तरुण होता. नायकाला सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. तो गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावरचा टाइम लॉर्ड. त्याचं यान, टार्डिस, बाहेरून लंडनच्या जुन्या निळ्या पोलीस-चौकीच्या पेटीसारखं दिसतं आणि आत शिरलं की अफाट मोठं असतं. ते काळातही फिरतं आणि अवकाशातही. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, चेहरा आणि स्वभावही बदलतो, पण माणूस तोच राहतो. १९६६ मध्ये पहिला नट बदलायची वेळ आली तेव्हा ही युक्ती काढली आणि तिच्याच जोरावर मालिका आजवर टिकली. बरोबर एखाद-दोन सोबती असतात, बहुतेक वेळा आपल्यासारखीच साधी माणसं, आणि त्यांच्या प्रश्नांमधून आपल्याला गोष्ट कळत जाते.

एवढी शिदोरी पुरे. पंचवीस-तीस वर्षांचे भाग आधी पाहून संपवले पाहिजेत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

१९८९ च्या डिसेंबरात बीबीसीने मालिका थांबवली. १९९६ मध्ये पॉल मॅगॅनला डॉक्टर करून एक दूरचित्रपट निघाला, पुढे काही झालं नाही. टीव्हीवर ती परतली २६ मार्च २००५ ला. मधल्या त्या कोरड्या वर्षांत डॉक्टर जिवंत राहिला तो छापील कादंबऱ्यांत आणि आवाजात. निकोलस ब्रिग्ज, गॅरी रसेल ही मंडळी ऐंशीच्या दशकात हौसेने, घरच्या घरी ‘डॉक्टर हू’च्या श्रुतिका ध्वनिमुद्रित करून कॅसेटवर वाटायची. त्याच माणसांनी पुढे रीतसर परवाना मिळवला. जुलै १९९९ मध्ये ‘द सायरन्स ऑफ टाइम’ आली आणि तिच्यात टीव्हीवरचे तीन खरे डॉक्टर होते: पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मॅकॉय.

‘खरे’ हा शब्द इथे महत्त्वाचा. नक्कल करणारे कुणी आणले नव्हते. ज्यांनी टीव्हीवर ती भूमिका केली तीच माणसं परत मायक्रोफोनपुढे उभी राहिली, आणि आजही राहताहेत.

फट म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या

नव्या श्रोत्याला सगळ्यांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट अशी: डॉक्टर तर पुढे बदलला, मग पाचव्या डॉक्टरची, म्हणजे डेव्हिसनची, नवी गोष्ट आज कशी काय येते?

उत्तर सोपं आहे. टीव्हीवरच्या दोन कथांमध्ये फट असते आणि श्रुतिका त्या फटीत बसतात. उदाहरण घ्या. १९८२ च्या ‘टाइम-फ्लाइट’ या कथेच्या शेवटी टेगन ही सोबतीण चुकून मागे राहते आणि डॉक्टर दुसऱ्या सोबतिणीला, नीसाला, घेऊन निघून जातो. १९८३ च्या ‘आर्क ऑफ इन्फिनिटी’मध्ये टेगन पुन्हा भेटते. मधल्या काळात डॉक्टर आणि नीसा दोघंच कुठेकुठे फिरले, हे टीव्हीने कधी सांगितलं नाही. मग तिथे एक कथा बसते, दहा बसतात, पन्नासही बसतात. म्हणून पाचव्या डॉक्टरच्या कितीतरी श्रुतिकांत सोबत फक्त नीसा आहे.

प्रत्येक कथेच्या माहितीत डॉक्टर कुठला आणि सोबत कोण, हे दिलेलं असतं. त्यावरून फट ओळखता येते. पण खरं सांगायचं तर ओळखली नाही तरी काही अडत नाही. हा हिशेब ठेवायचा छंद मागाहून आपोआप लागतो.

पहिली पायरी: आवाज निवडा

टीव्हीवर डॉक्टर डोळ्यांनी आवडतो: टोपी, मफलर, धावण्याची ढब. श्रुतिकेत त्याच्याजवळ आवाज सोडून काही नाही. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर जा, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या कथांच्या झलका फुकट ऐकायला मिळतात, त्या पाच-सहा ऐका. ज्याचा आवाज आणखी दहा मिनिटं ऐकावासा वाटेल तो तुमचा डॉक्टर.

डेव्हिसनचा आवाज तरुण आणि सभ्य, वाईट घडलं की आतून तुटणारा. मॅकॉय स्कॉटिश आहे, त्याचा ‘र’ चांगला घोळतो. तो हळू बोलतो तेव्हा समजावं की काहीतरी भयंकर शिजतंय. टॉम बेकरचा आवाज म्हणजे मोठ्या पितळी घंटेचा नाद. १९७४ ते १९८१, सगळ्यांत जास्त काळ डॉक्टर राहिलेला हा माणूस बिग फिनिशच्या मालिकेत आला तो थेट २०१२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. नव्या मालिकेतूनच तुमची ओळख झाली असेल तर डेव्हिड टेनंट २०१६ पासून आणि क्रिस्टोफर एकल्स्टन २०२१ पासून इथेही आहेत.

मला मात्र दोन नावांवर थांबायचं आहे, कारण या दोघांना न्याय मिळाला तो फक्त इथे.

पहिला कॉलिन बेकर, सहावा डॉक्टर. १९८४ मध्ये त्याला अंगभर रंगीबेरंगी ठिगळांचा एक भडक कोट चढवला आणि स्वभाव दिला तापट, फुशारकीचा. १९८५ मध्ये बीबीसीने मालिका दीड वर्ष थांबवली. परत सुरू झाली, पण १९८६ नंतर त्याला काढून टाकलं. निरोपाची कथा करायलाही तो परतला नाही. पुढच्या डॉक्टरलाच कुरळा टोप घालून जमिनीवर पालथं पाडलं आणि चेहरा बदलल्याचं दाखवलं. एका नटाची एवढी अवहेलना मालिकेने दुसऱ्या कुणाची केली नाही.

आणि मग श्रुतिका आल्या. कोट दिसेनासा झाला. उरला तो आवाज: भरदार, शब्दांवर जीव असलेला, रागावला तरी आतला मायाळूपणा लपवू न शकणारा. त्याच्या जोडीला दिली एव्हलिन स्माइथ. पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका, जिला डॉक्टरचा आरडाओरडा ऐकून घ्यायची मुळीच सवय नाही. मॅगी स्टेबल्सने ती अशी केली आहे की वाटावं, आपल्याच महाविद्यालयातल्या कुणी मॅडम टार्डिसमध्ये शिरल्यात. दोघांचे वाद ऐकताना कळतं की या डॉक्टरमध्ये खोट कधीच नव्हती, त्याला सोबत आणि लेखन चांगलं मिळालं नव्हतं.

दुसरा पॉल मॅगॅन, आठवा डॉक्टर. टीव्हीवर त्याच्या वाट्याला एक दूरचित्रपट आला आणि मग सतरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, काही मिनिटांचा ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’. त्यात मरणाच्या दारात उभा असताना तो आपल्या सोबत्यांची नावं घेतो: चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. टीव्हीच्या प्रेक्षकांनी यांतलं एकही माणूस पाहिलेलं नव्हतं. पाचही जण श्रुतिकांमधले. बीबीसीच्या पडद्यावर ती नावं उच्चारली गेली तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. इतकी वर्षं जे फक्त आपल्या कानांत होतं ते सगळ्यांसमोर खरं ठरलं होतं.

दुसरी पायरी: या चार कथांपैकी एक

खाली चार कथा देते. चारही एकट्याने उभ्या राहतात आणि आधी काही माहीत असण्याची गरज फार थोडी. उलगडा मी कुठलाच सांगणार नाही.

‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ (२००२). आठवा डॉक्टर आणि चार्ली. लेखक रॉबर्ट शेअरमन. १९०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री एका श्रीमंत इंग्रजी घराच्या नोकरांच्या भागात टार्डिस उतरते. स्वयंपाकीण आहे, मोलकरीण आहे, खानसामा आहे. घड्याळ टोले देतं आणि एकेकजण मरतं. मेल्यावर जे होतं ते मरणापेक्षा भीतिदायक. माझी बसमधली कथा हीच. घरकाम करणाऱ्या माणसाला ‘कुणीच नाही’ ठरवणाऱ्या समाजावर इतकं नेमकं बोट ठेवणारी भुताची गोष्ट मी दुसरी ऐकली नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, मागच्या दारच्या माणसांत वावरलेल्याला ती जास्तच लागेल.

‘स्पेअर पार्ट्‌स’ (२००२). पाचवा डॉक्टर आणि नीसा. लेखक मार्क प्लॅट. १९६६ मध्ये मालिकेत प्रथम आलेले सायबरमॅन, म्हणजे हळूहळू यंत्र होत गेलेली माणसं. ती तशी का झाली, ते ही कथा सांगते. पृथ्वीचा जुळा ग्रह सूर्यापासून दूर भरकटलाय, वर गोठवणारी थंडी, खाली जमिनीच्या पोटात शहर. त्या शहरातलं हार्टली हे साधं कष्टकरी कुटुंब आणि त्यांची मुलगी इव्हॉन. एवढंच सांगते. २००६ मध्ये टीव्हीवर सायबरमॅन परत आणले तेव्हा श्रेयनामावलीत प्लॅटचे आभार मानले होते.

‘जुबिली’ (२००३). सहावा डॉक्टर आणि एव्हलिन, लेखक पुन्हा शेअरमन. एका वेगळ्याच इंग्लंडमध्ये, टॉवर ऑफ लंडनमध्ये एकुलता एक डेलेक, म्हणजे डॉक्टरच्या जुन्या, चिलखती यंत्रात राहणाऱ्या शत्रूंपैकी एक, कैदेत आहे आणि विजयाचा शतकोत्सव चाललाय. पराभूत शत्रूला खेळणं करून टाकणारा समाज स्वतः काय होऊन बसतो, याची ही गोष्ट. शेअरमननेच २००५ मध्ये टीव्हीसाठी ‘डेलेक’ हा भाग लिहिला, त्याचं मूळ इथे आहे. यात क्रौर्य आहे, लहान मुलांबरोबर ऐकू नका.

‘स्टॉर्म वॉर्निंग’ (२००१). मॅगॅनची पहिली श्रुतिका. ऑक्टोबर १९३०. आर-१०१ हे प्रचंड ब्रिटिश हवाई जहाज इंग्लंडहून निघालंय. इतिहासात ते खरोखर कराचीला यायला निघालं होतं, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीला, आणि ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळलं. चोपन्नपैकी अठ्ठेचाळीस माणसं गेली. डॉक्टरला हे ठाऊक आहे. जहाजावर मुलाच्या वेशात लपून आलेली अठरा वर्षांची चार्ली पोलार्ड आहे, तिला ठाऊक नाही. कथा म्हणून ही वरच्या तिघींइतकी बांधेसूद नाही. पण तुमचं मन मॅगॅनवर बसलं असेल तर इथूनच निघा, कारण तिच्या शेवटी डॉक्टर जे करतो त्याचे पडसाद पुढच्या दोन वर्षांच्या कथांमध्ये उमटत राहतात.

‘द सायरन्स ऑफ टाइम’चा मान पहिलेपणाचा. पंधरा-वीस कथा झाल्या की ती कौतुकाने ऐका. आणि ‘झाग्रियस’पासून (२००३) तूर्त लांबच राहा. ती जवळजवळ चार तासांची, चाळिसाव्या वर्षानिमित्तची, आधीच्या सगळ्या धाग्यांची गाठ आहे. धागेच हातात नसतील तर नुसता गुंता वाटेल.

तिसरी पायरी: मिळवायच्या कशा

सरळ मार्ग म्हणजे बिग फिनिशच्या संकेतस्थळावर खातं उघडून विकत घ्यायचं. सीडी मागवण्याचा मोह टाळा, टपालखर्च पडतो आणि वाट पाहावी लागते. फाइल लगेच उतरवता येते आणि त्यांचं मोबाइल अ‍ॅपही आहे. किंमत पौंडात असते. जुन्या मासिक कथा नव्या संचांपेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत, आणि वरच्या चारही कथा त्या जुन्यांमध्येच येतात. सुरुवातीच्या बऱ्याच कथा स्पॉटिफायवरही ठेवलेल्या आहेत. आधी तिथे शोधा, कदाचित पहिली कथा एक पैसाही न देता ऐकायला मिळेल.

भारतातून पैसे भरताना एक अडचण हमखास येते. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आधी सुरू करा, मर्यादा हजार-दोन हजारांची ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. मी हे न करता तीनदा प्रयत्न केला, तिन्हीदा व्यवहार फसला आणि कार्ड एक दिवस अडकलं. चूक माझीच होती.

फाइल दोन प्रकारांत मिळते: सुटे एमपी३ किंवा ऑडिओबुकची एकसंध फाइल. दुसरी घ्या. मध्येच थांबलात तरी ती जागा धरून ठेवते. उतरवलेल्या फाइलची एक प्रत संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा.

‘खंड २’, ‘खंड ३’ असं लिहिलेला संच स्वस्तात दिसला म्हणून पहिल्याआधी घेऊ नका. अलीकडच्या संचांत तीन-चार कथा एका सूत्रात ओवलेल्या असतात. पहिला खंड न ऐकता तिसरा लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत ताकापासून सुरुवात करण्यासारखं आहे.

आणि फुकटात फिरणाऱ्या चोरीच्या फाइल कुणी पाठवल्या तर नम्रपणे नाही म्हणा. ही छोटी कंपनी आहे. विकलेल्या प्रतींवर पुढची कथा निघते.

चौथी पायरी: ऐकायचं कसं

इथेच बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी आई आकाशवाणी मुंबईवर ‘पुन्हा प्रपंच’ ऐकायची. नीलम प्रभूंच्या मीना वहिनी, बाळ कुडतरकरांचे पंत, प्रभाकर जोशींचे टेकाडे भाऊजी. ऐकताना तिचे हात नेहमी कामात असत: मेथी निवडणं, तांदूळ पाखडणं, उसवलेली शिवण घालणं. डोळे मात्र कुठेच गुंतलेले नसत. ते तंत्र आजही चालतं. हात गुंतवा, डोळे आणि डोकं मोकळं ठेवा. इस्त्री, भाजी निवडणं, रोजचा ओळखीचा रस्ता चालणं चांगलं. फोनवर निरोप वाचत ऐकणं अजिबात नको. दोन वाक्यं निसटली की तिसऱ्यात कोण कुणाशी बोलतंय हेच कळत नाही.

हेडफोन हवेतच. या श्रुतिकांमध्ये ध्वनिरचनेवर फार मेहनत असते: पावलं डावीकडून येतात, दार मागे लागतं, खोलीची उंची नुसत्या घुमण्यावरून समजते. मालिकेची ती परंपराच आहे. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशरने रॉन ग्रेनरच्या स्वरलिपीवरून शीर्षकसंगीत घडवलं, तेही सिंथेसायझर हाती नसताना, फितीचे तुकडे कापून आणि जोडून. टार्डिसचा तो घरघरता आवाज ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून काढला होता. ज्या मालिकेचं यान किल्लीच्या खरवडण्यातून उडतं, तिची पुढची वाट आवाजात निघावी हे मला फार योग्य वाटतं.

गर्दीची लोकल मात्र टाळा. डेलेकांचा आवाज मुळातच यंत्रातून फाडून काढलेला असतो. विरार फास्टमध्ये दारापाशी उभं राहून त्यातला एक शब्द समजणार नाही.

आता भाषेचं. मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना वाटतं, ब्रिटिश उच्चार आपल्याला झेपणार नाहीत. झेपतात. पहिली वीस मिनिटं जड जातात, मग कान बसतो. मी तीन गोष्टी करते. कथेच्या पानावर पात्रांची आणि नटांची यादी असते, ती आधी वाचून चार-पाच नावं कागदावर लिहून ठेवते, म्हणजे नुसतं नाव कानावर पडलं तरी माणूस उभा राहतो. पहिला भाग दोनदा ऐकते, दुसऱ्यांदा ऐकताना अर्ध्याहून जास्त धुकं निवळतं. आणि वेग कधी वाढवत नाही. ऑडिओबुक दीडपट वेगाने ऐकायची सवय असेल तर ती इथे मोडा. नटाने घेतलेला श्वासही अभिनयाचा भाग असतो. मॅकॉय किंवा शब्दांचे मनोरे रचणारा कॉलिन बेकर जड वाटले तर आधी डेव्हिसन घ्या, त्याचं इंग्रजी सर्वांत स्वच्छ आहे.

शेवटची गोष्ट संयमाची. मासिक मालिकेतली कथा साधारण दोन तासांची, चार भागांत असते. प्रत्येक भागाच्या शेवटी कुणाचा तरी जीव टांगणीला लागतो आणि शीर्षकसंगीत वाजतं. ही रचना जुन्या टीव्हीवरून आली आहे, तेव्हा दर आठवड्याला पंचवीस मिनिटांचा एक भाग यायचा. म्हणून एका बैठकीत संपवू नका. रोज रात्री एक भाग, चार रात्री एक कथा. तिसऱ्या भागाच्या शेवटी दिवा मालवून विचार करत पडण्यात जी मजा आहे, ती पुढचा भाग लगेच लावल्याने हातची जाते. (मी बसमध्ये हा नियम मोडला होता. पण ती बस होती, दुसरा उपायच नव्हता.)

जे गेले त्यांच्याबद्दल

विल्यम हार्टनेल १९७५ मध्ये गेला, पॅट्रिक ट्राउटन १९८७ मध्ये, जॉन पर्टवी १९९६ मध्ये. म्हणजे पहिले तीन डॉक्टर श्रुतिका सुरू होण्याआधीच नव्हते. बिग फिनिशने आधी वाट काढली ती सोबत्यांच्या तोंडून. २००७ पासूनच्या ‘कम्पॅनियन क्रॉनिकल्स’मध्ये जुना सोबती आठवण सांगतो, त्यातच डॉक्टरचे संवाद बोलतो आणि जोडीला दुसरा एखादाच नट. आपल्याकडच्या कथाकथनाच्या फार जवळचा हा प्रकार. दुसऱ्या डॉक्टरच्या सोबत्याचं, जेमीचं, काम करणारा फ्रेझर हाइन्स ट्राउटनच्या लकबी इतक्या हुबेहूब आणतो की अंगावर काटा येतो. पुढे टिम ट्रेलोर पर्टवीच्या जागी आला, आणि दुसऱ्या डॉक्टरसाठी तर ट्राउटनचाच मुलगा मायकल उभा राहिला. नव्या श्रोत्याने इकडे यावं की नाही? यावं, पण टीव्हीवरचे त्या काळचे दोन-चार भाग पाहून. मूळ आवाज कानात असल्याशिवाय या आवाजांचं मोल कळत नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला नेहमी हलवते. साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या चित्रफिती बीबीसीने पुसून टाकल्या. चित्र गेलं, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आजही शाबूत आहे, कारण तेव्हाच्या शाळकरी पोरांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून ठेवला होता. ‘डॉक्टर हू’ कानांनी जपण्याची रीत श्रुतिकांच्या कंपनीहून तीस वर्षं जुनी आहे.

पाचवी पायरी: पुढे कुठे

चारांपैकी जी आवडली तिचं बोट धरा. भीती आवडली असेल तर शेअरमनचीच ‘द होली टेरर’ (२०००), जिच्यात सोबती एक रूप बदलणारा पेंग्विन आहे आणि तरी शेवटी हसू गोठतं. चार्ली आवडली असेल तर तिच्या कथा मात्र प्रसिद्धीच्या क्रमाने ऐका. नव्या मालिकेसारखा पन्नास मिनिटांचा, वेगवान घास हवा असेल तर मॅगॅन आणि शेरिडन स्मिथच्या लूसी मिलरच्या कथा घ्या, २००६ च्या ‘ब्लड ऑफ द डेलेक्स’पासून. डॉक्टरशिवायही चालणार असेल तर व्हिक्टोरियन लंडनमधले दोन म्हातारे मित्र, ‘जॅगो अँड लाइटफूट’. १९७७ च्या एका टीव्ही कथेतली ही दुय्यम पात्रं, श्रोत्यांच्या प्रेमामुळे त्यांची स्वतंत्र मालिका २०१० पासून कितीतरी वर्षं चालली. आपल्या भूमीवरची कथा हवी असेल तर ‘द एमरल्ड टायगर’ (२०१२), १९२६ च्या कलकत्त्यातली, पाचव्या डॉक्टरची. त्यातला हिंदुस्थान इंग्रजी साहसकथांमधला आहे, ते मनात धरून ऐका.

आणि कॉलिन बेकरने तुम्हाला जिंकलं असेल, तर ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’कडे (२०००) जा. एव्हलिन आणि तो पहिल्यांदा भेटतात ते तिथे, आणि मग इंग्लंडच्या मेरी राणीच्या काळात जातात. मग त्या दोघांच्या कथा सावकाश, महिन्याला एक अशा ऐकत राहा. २०१५ मध्ये ‘द लास्ट अ‍ॅडव्हेंचर’ या संचात त्याला अखेर तो निरोप मिळाला, जो टीव्हीने दिला नव्हता. मॅगी स्टेबल्स त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये गेली. तो संच विकत घेऊन ठेवला तरी चालेल, पण एव्हलिनच्या सगळ्या कथा होईपर्यंत उघडू नका.